स्पर्धक कंपनीत चाललोय, पण माझ्या शब्दावर माल उचललेल्या दुकानदारांचं काय?

सीनाकाठ (२६ एप्रिल)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय. घरात बोलून झालं, मित्रांशी बोलून झालं, आता ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

मी सोलापूरचा, वय ३१, बीएस्सी ॲग्री. कीटकनाशकं-बुरशीनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. १२ जुलै २०२१ ला लागलो, म्हणजे येत्या जुलैत पाच वर्षं होतील. माझ्याकडं मोहोळ, माढा, पंढरपूर आणि सांगोला. डाळिंब, द्राक्ष, ऊस आणि थोडा भाजीपाला. कृषी सेवा केंद्रं ४६. जुळे सोलापुरातून सकाळी साडेसातला बाईक काढतो, महिन्याला दोन हजार किलोमीटर होतात. काम मला आवडतं, हे आधीच सांगतो. सांगोल्याकडं एखादा शेतकरी डाळिंबावर तेल्या रोग आलाय म्हणून फोन करतो, बागेत जाऊन बघायचं, खरंच तेल्या आहे का साधे ठिपके ते सांगायचं, गरज नसेल तर फवारू नका म्हणायचं. यात मला कधी कंटाळा आला नाही.

कंटाळा आला तो आकड्यांचा.

गेल्या सप्टेंबरात सीनेला पूर आला ते सगळ्यांना आठवत असेलच. लांबोटीला हायवे बंद झाला होता. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी नदीकाठच्या एका दुकानात गेलो. शटरवर माझ्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. आत खोकी फुगून फाटली होती, बाटल्यांवरची लेबलं सुटून फरशीला चिकटली होती. दुकानदार, वय साठच्या पुढं, एकेक बाटली पाण्यात बुचकळून पुसत होते आणि झाकणावर स्केच पेननं नाव लिहीत होते. लेबल नसलेलं औषध कायद्यानं विकता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. विकायला नव्हे, कंपनीला मोजून दाखवायला लिहीत होते. मी तासभर त्यांच्यासोबत बसून नावं लिहिली. तेवढ्यात उधारीच्या वसुलीसाठी वरून फोन आला, "या महिन्याचा रिकव्हरीचा आकडा पाठव." मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "फोटो नको, आकडा पाठव."

त्या वर्षाचं टार्गेट होतं दोन कोटी चाळीस लाख. पूर आला तरी त्यातला एक रुपया कमी झाला नाही. फेब्रुवारीपर्यंत मी बराच मागं होतो. मग मार्च एंडिंग. साहेबांनी फोनवर सांगितलं, दुकानदारांना माल उचलायला लावा, नेहमीच्या स्कीमच्या सवलतीवर आठ टक्के जादा देऊ, क्रेडिट नोट (बाकीतून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) ३० एप्रिलच्या आत. मी ११ दुकानांत हेच जसंच्या तसं सांगितलं. ११ जणांनी मिळून साडेसत्तेचाळीस लाखांचा माल उचलला. त्याचे आठ टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार. मोहोळच्या एका दुकानदारानं वही पुढं केली, "इथं लिहा." मी लिहिलं, तारीख घातली, सही केली.

आज २६ तारीख. एकही क्रेडिट नोट आलेली नाही. परवा साहेबांना विचारलं तर म्हणाले, "आठ टक्के मी कुठं म्हणालो? लेखी आहे का?"

आता दुसरी गोष्ट. नऊ दिवसांपूर्वी स्पर्धक कंपनीची ऑफर आली. हातात आत्ता ३३ हजार येतात, तिथं ४२ येतील. एरिया लहान, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा. त्यांना माणूस १ जूनला हवाय. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा. अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय की सोडल्यावर एक वर्ष त्याच धंद्यातल्या कंपनीत जाता येणार नाही. माझा ६४ हजारांचा इन्सेंटिव्हही अडकलाय.

बायको म्हणते, उद्याच राजीनामा दे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पोरीला न्यायचं ठरलं होतं, दोन्ही दिवस पुण्यात रिव्ह्यू मीटिंग लागली, पोरगी मामासोबत गेली. ते ती विसरलेली नाही, मीही नाही. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर होते, आयुष्यात तीन मालक केले. ते एवढंच म्हणाले, "जायचं तर जा. पण त्या अकरा जणांचं बघून जा."

मलाही तेच टोचतंय. ते एक वर्षाचं कलम खरंच लागू होतं का? आणि त्या ११ जणांच्या पैशांचं मी सोडण्याआधी नेमकं काय करू?

जुना फील्डवाला

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी या लाईनीत अठरा वर्षं आहे, तीन कंपन्या केल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या कट्टर विरोधात. पहिल्यांदा सोडली तेव्हा तुमच्यासारखंच झालं होतं आणि मी चूक केली. आधी राजीनामा टाकला, मग दुकानदारांचं बघायला गेलो. राजीनामा टाकला त्या संध्याकाळी माझा मेल बंद झाला, ऑर्डरचं ॲप बंद झालं. नंतर कंपनीला लिहायला माझ्याकडं जागाच उरली नाही. बारामतीकडच्या चार दुकानदारांचे पैसे बुडाले. त्यातला एक अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

म्हणून आधी दुकानदार, मग राजीनामा. उद्या सकाळी साहेबांना मेल करा. आवाज चढवायचा नाही, आरोप करायचा नाही. "अमुक तारखेला फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणे खालील अकरा दुकानदारांना आठ टक्के जादा स्कीम सांगून माल दिला. प्रत्येकाचं बिल नंबर, रक्कम, देय क्रेडिट नोट खाली देत आहे. कृपया मंजुरी द्यावी." सीसीमध्ये अकाउंट्स आणि रिजनल मॅनेजर. साहेब गप्प बसले तर चार दिवसांनी त्याच मेलवर पुन्हा लिहा. फोन आला आणि "मेल कशाला केलास" म्हणाले, तर शांतपणे सांगा की दुकानदार विचारतायत.

कॉल लॉगमध्ये मार्चमधले साहेबांचे कॉल असतील, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर "आज किती बिलिंग झालं" असले मेसेज असतील तर तेही. बोलणं सिद्ध होत नाही, पण दिवस आणि वेळ जुळते.

अजून एक. १२ जुलैला पाच वर्षं होतायत ना? मग १ जूनला जॉईन व्हायची घाई कशाला? ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. बेसिक किती आहे ते माहीत नाही, पण १८ हजार धरलं तरी १८ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५, म्हणजे जवळजवळ ५२ हजार होतात. शेवटचा दिवस १२ जुलैच्या पुढं जाईल असा राजीनामा टाका. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरतं असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे आणि तुमचे ते भरलेही असतील. पण ५२ हजारांसाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा दीड महिना थांबणं बरं.

पुणे एचआर

मी बारा वर्षं एचआरमध्ये आहे, वेगळ्या क्षेत्रात. कलमाबद्दल स्पष्ट लिहिते.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणाला कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धकाकडं जायचं नाही, हे त्यातच बसतं. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी लागू करायला नकार दिला. पत्रात हे कलम जवळजवळ प्रत्येक कंपनी घालते, मीही असली पत्रं दिली आहेत. ते मुख्यतः घाबरवण्यासाठी असतं.

नोकरीत असतानाची गोष्ट मात्र वेगळी. १९६७ चा गोलिकरी खटला बघा. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला माणूस पाच वर्षांचा करार चालू असतानाच दुसऱ्या कंपनीकडं गेला, तिथं कोर्टानं पहिल्या कंपनीची बाजू घेतली. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की नोटीसच्या साठ दिवसांत नव्या कंपनीचं एकही काम करायचं नाही. त्यांच्या ग्रुपमध्ये ॲड व्हायचं नाही, "जरा पंढरपूरच्या दुकानदारांची ओळख करून दे" म्हटलं तरी नाही. नवे लोक हे फार सहज मागतात.

दुसरं म्हणजे गोपनीयतेचं कलम. ते सोडल्यावरही बांधून ठेवतं. दुकानदारांचं लेजर, दरपत्रक, स्कीमचा तक्ता स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. वरच्या दादांनी सांगितलेला मेल कंपनीच्या मेलवरूनच करा आणि तो तिथंच राहू द्या. पगाराच्या पावत्या, टीए बिलं, अप्रेझलची पत्रं तुमची स्वतःची आहेत, ती आजच घरी नेऊन ठेवा. राजीनामा दिला की लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही.

इन्सेंटिव्हचं सर्क्युलर काढून वाचा. बहुतेक ठिकाणी "पैसे देण्याच्या तारखेला कर्मचारी कंपनीत असावा" अशी ओळ असते, काही ठिकाणी "नोटीसवर नसावा" अशीही. ती तारीख मेमध्ये असेल तर राजीनाम्याची तारीख त्यानंतरची ठरवा. नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. कुणी पंचेचाळीस दिवस लागतील म्हणालं तर हे नम्रपणे दाखवा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा.

बार्शीचं दुकान

माझं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांपासून चालत आलेलं. काउंटरच्या पलीकडच्या बाजूनं लिहितो.

भाऊ, तुम्हाला टोचतंय हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं दर दीड-दोन वर्षांनी नवा पोरगा येतो. जुन्यानं काय सांगितलं विचारलं की म्हणतो, मला माहीत नाही, तो सोडून गेला. आम्ही माल कंपनीकडनं घेतो, खरं आहे. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, गोडाऊन भरलेलं असताना, पावसाचा पत्ता नसताना, आम्ही माल उचलतो तो समोरच्या पोराकडं बघून. त्याचं टार्गेट अडलंय म्हणून.

तुम्ही ३ लाख ८० हजार म्हणालात, मला त्यापुढचं दिसतंय ते सांगतो. आमचे सही केलेले कोरे चेक कंपनीकडं तारणाला असतात. क्रेडिट नोट आली नाही तर कंपनीच्या वहीत माझी बाकी तेवढी जास्त दिसते. मी माझ्या हिशोबानं पैसे भरतो, त्यांच्या हिशोबानं कमी पडतात. मग एखाद्या दिवशी चेक बँकेत टाकतात. परतला की १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची नोटीस, पंधरा दिवसांत भरा. हे माझ्या दुकानात झालंय, ४० हजारांच्या स्कीमवरून. वकिलाला दिलेले पैसे वेगळे. वडील त्या वयात बार्शीच्या कोर्टात बाकावर बसलेले मी बघितलेत.

तेव्हा माझं सांगणं असं. तुमच्या मेलनं काम अर्धंच होईल, कारण तुम्ही त्यांचे नोकर. त्या अकरा जणांना सांगा, प्रत्येकानं आपापल्या दुकानाच्या मेलवरून कंपनीला लिहावं, "३१ मार्चचा खातेउतारा पाठवा, त्यात अमुक बिलावरची आठ टक्के स्कीम धरलेली नाही." खातेउतारा मागणं आमचा हक्क आहे. त्यात तुमची कुठली गोपनीयता मोडत नाही. आणि वर्षअखेरीला बाकी कबूल असल्याचं पत्र येतं ना, त्यावर डोळे झाकून सही करू नका म्हणावं. करायची झाली तर सोबत लिहा, स्कीम येणे बाकी. एकदा कोरी सही केली की आमचं तोंड बंद.

आणि तुम्ही सोडताय हे त्यांना दुसऱ्याकडनं कळू देऊ नका.

तात्या इंदापूर

थोडं वेगळं मत. पैसे कंपनीनं द्यायचे आहेत, तुम्ही नाही. स्वतःच्या खिशातून एक रुपया देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकानं शब्दाखातर पीएफ काढून दुकानदारांना दीड लाख वाटले. नव्या कंपनीनं त्याला सहा महिन्यांत काढलं. आज तो माणूस ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये रोजावर आहे.

सीनाकाठ (२७ एप्रिल)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बायकोला आणि वडिलांना सगळं वाचून दाखवलं. बार्शीच्या दादांचं वाचताना वडील उठून बाहेर जाऊन बसले.

कोऱ्या चेकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीच ते चेक गोळा करून पाकिटात घालून पुण्याला पाठवलेत आणि मला कधी सुचलं नाही.

तात्या, तुमचं म्हणणं पटलं. पोस्ट लिहिली त्या रात्री मी हाच हिशोब करत होतो की पीएफमधून किती निघतील. तो विचार आता सोडला.

मेल सकाळीच केला. अकरा नावं, अकरा बिल नंबर. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली, मोहोळच्या एसटी स्टँडसमोर बाईकवर बसून.

जुना फील्डवाला

शाब्बास. आता फोन येईल. कबूल किंवा नाकबूल काहीच बोलायचं नाही, "साहेब, मेलवर कळवा" एवढंच.

सीनाकाठ (२३ मे)

वाचणाऱ्यांना पुढं काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

फोन दुपारीच आला. साहेब बरंच बोलले, त्यातलं इथं लिहीत नाही. मी "मेलवर कळवा" म्हणालो. चार दिवसांनी पुन्हा मेल केला. त्या आठवड्यात मी अकराही दुकानं फिरलो आणि प्रत्येकाला समोर बसून सांगितलं की मी सोडतोय, कुठं चाललोय, आणि तुमच्या स्कीमचं कुठवर आलंय. हे सगळ्यात अवघड गेलं. मोहोळच्या दुकानदारानं वही काढली, माझी सही असलेलं पान उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पोराला हाक मारून म्हणाले, "याचा फोटो काढ आणि कंपनीला मेल कर, हे सांगतील तसं लिही." त्यांच्या दुकानाला मेलच नव्हता. मी तिथं बसून काढून दिला. मजकूर त्यांनी सांगितला, टाईप पोरानं केला.

अकरापैकी नऊ जणांनी लिहिलं. दोघांनी नाही. एक म्हणाले, कंपनीशी वैर नको, लायसनला लागणारं कंपनीचं उगम प्रमाणपत्र अडवतील, लायसनमध्ये भानगड होईल. मी जास्त आग्रह केला नाही, त्यांची भीती खोटी नाही.

नऊ मेल गेल्यावर रिजनल मॅनेजरनी अकाउंट्सकडून माहिती मागवली. १२ मेला सात जणांच्या क्रेडिट नोट आल्या, आठ टक्के नव्हे, पाच टक्क्यांनी. उरलेल्या तीन टक्क्यांचं "पुढच्या तिमाहीत बघू" असं लेखी आलंय, मेलवर. पूर्ण झालं नाही, पण कागदावर आलंय. पुरात दुकान गेलेले दुकानदार या सातांत आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "आलं की नाही ते पोरगं मोबाईलवर बघून सांगतंय, थांबा." फोन चालूच ठेवून त्यांनी पोराकडून आकडा दोनदा वाचून घेतला.

इन्सेंटिव्ह ८ मेला जमा झाला, ६४ ऐवजी २१ हजार. नव्वद दिवसांपुढची उधारी होती म्हणून बाकीचा कापला, सर्क्युलरमध्ये तसं खरंच लिहिलेलं होतं. मी पाच वर्षांत ते नीट वाचलं नव्हतं.

राजीनामा १४ मेला दिला. साठ दिवस मोजले की १३ जुलै येतो. नव्या कंपनीला सरळ विचारलं, १६ जुलैला आलो तर चालेल का, कारणही खरं सांगितलं. वाटलं होतं ऑफर जाईल. तिकडचे मॅनेजर म्हणाले, मृग बहाराचा माल तसाही दुकानात पोचलाय, मला माणूस द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी रुळलेला हवा. नोटीस चालू असताना दुकानदारांची ओळख करून देणार नाही, हेही मी सांगून टाकलं. ते म्हणाले ठीक आहे.

ऑर्डरचं ॲप राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद झालं. मेल अजून चालू आहे.

आता उरलेत न लिहिलेले दोघे आणि लिहूनही काहीच न आलेले दोघे. बार्शीच्या दादा, एक विचारायचं होतं. या चौघांतल्या एकाला कंपनीकडून बाकी कबुलीचं पत्र आलंय आणि त्यात स्कीमचा उल्लेखच नाही. ते म्हणतायत सही करून टाकतो, कटकट नको. सोमवारी मी माढ्याला त्यांच्याकडं जाणार आहे. त्या पत्रावर "स्कीम येणे बाकी" हाताने लिहून सही केली तर चालतं, की वेगळं पत्र जोडावं लागतं?

बार्शीचं दुकान

हातानं लिहिलं तरी चालतं, पण सहीच्या वर लिहायचं, खाली नाही. खालचं ते मानत नाहीत. बिल नंबर आणि रक्कम घालायला सांगा. झेरॉक्स काढून तिच्यावर तारीख टाका आणि मूळ पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावतीसह. कुणाच्या हाती देऊ नका, तुमच्याही नाही.